आम्हांला सांगायला लावण्याआधी

प्रति,
महाराष्ट्रातील कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागप्रमुखांस,



दर वर्षी एप्रिल जवळ आला की आपल्याकडून एक ईमेल येते. २ एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागरूकता दिन, त्यानिमित्त निळे कपडे घालून या, दुपारी व्याख्यान आहे, वगैरे. शेवटी एक लिंक असते: आपल्याला कोणतंही दिव्यांगत्व असल्यास पोर्टलवर नोंदवा, माहिती गोपनीय राहील. त्या पानावर तीन पर्याय असतात. हो, नाही, सांगू इच्छित नाही. मी तिसऱ्यावर खूण करते. माझ्या ओळखीतले काही जण सरळ ‘नाही’वर करतात. त्यामुळे आपल्या कंपन्यांत ऑटिस्टिक माणसं किती, हे आपल्या आकड्यांवरून कधीच कळत नाही.

मी हिशेबतपासणीचं काम करते. माझं ऑटिझमचं निदान झालं तेव्हा नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्यांना हे सांगितलं, तर ते म्हणतील, “काहीतरीच काय, तू तर अगदी नॉर्मल वाटतेस.” ते हे प्रेमानंच म्हणतील. पण तसं ‘वाटण्या’साठी रोज काय करावं लागतं ते आपल्याला माहीत असायला हवं, कारण त्यातलं बरंचसं आपण ठरवलेल्या पद्धतींमुळे करावं लागतं.

मीटिंगमध्ये बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं की त्याचे शब्द माझ्यापर्यंत पोचणं बंद होतं. म्हणून मी त्याच्या दोन भुवयांच्या मधे पाहते, मग थोडा वेळ वहीत, मग पुन्हा भुवयांकडे. मधून मधून ‘हो ना’, ‘बरोबर’ म्हणते. विनोद झाला की इतरांचे खांदे हलताना दिसतात, त्या अंदाजानं हसते. सोमवारी सकाळी ‘मग, कसा गेला रविवार?’ याचं उत्तर लिफ्टमध्येच तयार करून ठेवलेलं असतं, आणि त्यापाठोपाठ समोरच्यालाही तेच विचारायचं, हेही. माझ्या हातांना सतत काहीतरी चाळा लागतो, त्यानं डोकं शांत राहतं. तो चाळा मी टेबलाखाली नेते, ओढणीच्या टोकाला गाठ मारायची आणि सोडायची. डोक्यावरच्या ट्यूबलाइटची गुणगुण, मागच्या टेबलावर उघडलेला डबा, एसीचा झोत, हे सगळं एकाच तीव्रतेनं अंगावर येत असतं आणि त्यातलं काहीच चेहऱ्यावर दिसू द्यायचं नसतं. नऊवारीची सवय नसलेल्या मुलीनं लग्नघरात दिवसभर ती सांभाळत वाढपाला उभं राहावं, तसं हे असतं. पंगत नीट वाढली जाते, कुणाच्या पानात काही कमी पडत नाही, पण तिचं निम्मं चित्त पायांतल्या निऱ्यांपाशी असतं.

आपल्याकडे वाढदिवस साजरे होतात तेव्हाचं सांगते. चार वाजता सगळ्यांनी एका टेबलाभोवती जमायचं. केक, टाळ्या, बेसूर गाणं, मग तो केक कुणाच्या तरी तोंडाला फासायचा. मी दुसऱ्या रांगेत उभी राहते, म्हणजे फोटोत येते पण हाताच्या टप्प्यात येत नाही. तळवे एकमेकांना जेमतेम टेकवत टाळ्या वाजवते. गाणं संपेपर्यंत चेहरा हसरा धरून ठेवते. नंतर प्रसाधनगृहात जाते आणि बेसिनचा नळ सोडून मनगटं धारेखाली धरते. चार-पाच मिनिटांनी परत जागेवर येऊन ताळेबंद उघडते. वर्षाच्या शेवटी मूल्यमापनात एका वरिष्ठांनी लिहिलं होतं: कामात चूक नाही, पण टीममध्ये मिसळत नाही. त्या वाक्यामुळे श्रेणी एक पायरी खाली आली होती.

आम्ही याला मास्किंग म्हणतो. यावर आपल्यापैकी अनेकांच्या मनात लगेच येईल की ऑफिसात सगळेच थोडा मुखवटा घालतात. खरं आहे. साहेबांसमोर कोणी जांभई देत नाही, रागावलेल्या ग्राहकाशी सगळेच गोड बोलतात. पण त्यातून निभावल्यावर बाकीचे चहाच्या टपरीवर जातात आणि चारचौघांत मोकळे होतात. मला त्या टपरीवर सगळ्यात जास्त कष्ट पडतात. दुसरं असं की, इतर लोक आपली एखादी भावना लपवतात. आम्ही जे लपवतो त्यात शरीराचा तोल सांभाळणाऱ्या गोष्टी असतात: हात हलवणं, डुलणं, आवाजापासून दूर जाणं, बोलता येत नसेल तेव्हा गप्प राहणं. त्या थांबवल्या की दिवस कसाबसा पार पडतो आणि त्याची वसुली घरी होते. संध्याकाळी आई काही विचारते आणि माझ्याकडे एक शब्द शिल्लक नसतो. दिवा न लावता मी जमिनीवर पडून राहते.

हे कुणी शिकवलं, असं विचाराल तर नाव घेण्यासारखं कुणी नाही. पाहुणे आले की बाहेर ये, नीट बघून बोल, हात स्थिर ठेव. नाही जमलं की घुमी, शिष्ट, माणूसघाणी, तऱ्हेवाईक. मुलगी असली की आणखी एक धाक: सासरी कसं व्हायचं? ज्या घरात निदान लवकर झालं, त्या घरातही ते पुष्कळदा उंबऱ्याबाहेर जात नाही, कारण धाकट्या बहिणीचं स्थळ बघायचं असतं. मी आईबापांना दोष देत नाही. त्यांनी आपल्या मुलांना जगापासून वाचवायचा त्यांना ठाऊक असलेला एकच मार्ग धरला. पण अशी घडलेली मुलं मोठी होऊन आपल्यापर्यंत येतात तेव्हा लपवण्यात इतकी तयार झालेली असतात की कित्येकांना स्वतःलाही पत्ता नसतो.

डॉक्टरांनाही हे उशिराच कळलं. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या मुलांचं वर्णन केलं, त्या लहान मुलांचं चित्रच लोकांच्या डोक्यात बसलं आणि ही मुलं मोठी होतात हे जणू कुणी लक्षातच घेतलं नाही. १९८१ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लोर्ना विंग यांनी ते चित्र रुंदावलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत तर स्पष्ट नोंद आली की शिकलेल्या युक्त्यांमुळे पुढच्या वयात लक्षणं झाकली जाऊ शकतात.

लॉरा हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ९२ ऑटिस्टिक प्रौढांना विचारलं की तुम्ही हे का करता आणि त्याचं काय होतं. उत्तरं वाचताना मला कुणीतरी माझी डायरी वाचून दाखवतंय असं वाटलं. लोकांत मिसळता यावं, नोकरी मिळावी, टिकावी, छळ होऊ नये म्हणून. आणि बदल्यात काय, तर पराकोटीचा थकवा, आणि आपण नक्की कोण आहोत याचा पडलेला विसर. सारा कॅसिडी यांच्या २०१८ च्या अभ्यासात लक्षणं लपवण्याचा संबंध आत्महत्येच्या विचारांशी आणि प्रयत्नांशी आढळला, वय आणि इतर आजार हिशेबात धरूनही. हे वाक्य मी जपून लिहिते आहे, घाबरवण्यासाठी नाही. पण ‘टीममध्ये मिसळत नाही’ असा शेरा लिहिणाऱ्याला ते ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट आहे जी आपल्या कागदांत रोज दिसत असेल, फक्त वेगळ्या नावानं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या डोरा रेमेकर यांनी ऑटिस्टिक बर्नआउटवर लिहिलं. दीर्घकाळचा थकवा, आवाज-उजेड सोसण्याची क्षमता घटणं, आणि येत असलेली कामं अचानक न येणं. स्वयंपाक करणारी बाई गॅससमोर उभी राहते आणि पुढे काय करायचं ते तिला सुचत नाही. असा माणूस राजीनामा देतो. तुम्ही शेवटची मुलाखत घेता, तो ‘वैयक्तिक कारण’ म्हणतो, तुम्ही तसं लिहिता, फाइल बंद होते.

आता नोकरीच्या दाराशी येऊ. तिथे आपला हात सगळ्यात थेट आहे.

नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ऑटिस्टिक आणि ऑटिस्टिक नसलेल्या प्रौढांच्या बोलण्याचे छोटे तुकडे त्यांनी सामान्य लोकांना दाखवले. कुणाला चित्रफीत, कुणाला फक्त आवाज, कुणाला नुसता फोटो, आणि काहींना फक्त बोललेले शब्द कागदावर. कोण ऑटिस्टिक आहे ते पाहणाऱ्यांना सांगितलं नव्हतं. चित्रफीत, आवाज, फोटो, तिन्हींत ऑटिस्टिक माणसांबद्दलचं मत काही सेकंदांत वाईट झालं. यांच्याशी बोलायला, यांच्या शेजारी बसायला लोक कमी राजी होते. कागदावरचे शब्द वाचणाऱ्यांच्या मनात मात्र असा फरक राहिला नाही. माणसं तीच आणि बोलणंही तेच होतं.

आपली मुलाखत या प्रयोगातली चित्रफीत असते. हस्तांदोलन, नजर, ‘स्वतःबद्दल थोडं सांगा’, उत्तराआधीचा थांबा किती लांबला, हसणं वेळेवर आलं का. ‘कल्चर फिट’ नावाचा रकाना भरताना मुलाखत घेणारा आपल्या मनाचं ऐकतो, आणि ते मन पहिल्या काही क्षणांतच तयार झालेलं असतं. मग निवड कुणाची होते? ज्याला मुखवटा उत्तम जमतो त्याची. ज्याला तो जमत नाही, पण जो ताळेबंदातली चूक वासावरून ओळखेल, तो घरी बसतो. आणि निवडला गेलेला पहिल्या दिवसापासून त्या मुलाखतीतल्या माणसासारखं वागण्याला बांधील होतो, कारण आपण त्याच माणसाला घेतलेलं असतं.

जाहिरातींतल्या ‘उत्कृष्ट संवादकौशल्य आवश्यक’ या अटीचा फेरविचार करायला हवा. डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकानं, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दुतर्फा असतो: आम्हांला तुम्ही कळत नाही तितकेच तुम्हांलाही आम्ही कळत नाही. एडिनबरोच्या कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी २०२० मध्ये ते तपासून पाहिलं. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या आणि एक गोष्ट एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगत न्यायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी शाबूत पोचली, तितकीच ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीतही. गळती झाली ती मिश्र साखळीत. तेव्हा संवाद बिघडला तर त्याची दुरुस्ती एकाच बाजूच्या पगारातून कापून घेणं न्याय्य नाही.

सॅसन यांच्याच गटाचा २०१९ चा अभ्यास सांगतो की निदान उघड केल्यावर पाहणाऱ्यांचं मत सुधारलं. मग सांगून टाका ना, असं आपण म्हणाल. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की ज्यांना ऑटिझमची चांगली माहिती होती त्यांचं मत अधिक चांगलं होतं, आणि ज्यांच्या मनात कलंकाची भावना होती त्यांचं तसं नव्हतं. म्हणजे सांगण्याचा फायदा ऐकणाऱ्यावर अवलंबून आहे. माझ्या टेबलाच्या तीन बाजूंना कोण बसलंय आणि पुढच्या वर्षी माझा वरिष्ठ कोण असेल, हे माझ्या हातात नाही. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही. गोपनीयतेची हमी पोर्टलवर असते, कॅन्टीनमध्ये नसते.

कायद्याबद्दल आपल्याला मी काय सांगणार, तरी एका गाठीकडे लक्ष वेधते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि ऑटिझम त्यात आहे. प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं आहे. २०१७ च्या नियमांनुसार वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनी त्यात सोयीसुविधा, योग्य पदं, संपर्क अधिकारी या गोष्टी नमूद करायच्या आहेत. पण प्रत्यक्षात मनुष्यबळ विभागात विचारायला गेलं की पहिला प्रश्न येतो: प्रमाणपत्र आहे का? भारतात ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी जी मोजपट्टी वापरतात तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि पहिलाच मुद्दा नजरेला नजर न देण्याबद्दल आहे. कोणती गोष्ट किती वेळा दिसते यावर गुण ठरतात, आणि माहितीसाठी पालकांशी बोलणं होतं. आयुष्यभर नजर द्यायचा सराव केलेली चाळिशीची बाई तपासणीच्या खोलीतही सवयीनं नजर देते. तिचे आईवडील हयात नसतील तर तिच्या लहानपणाबद्दल सांगायला कुणी नसतं. जितकं उत्तम लपवलं तितका कागद दूर जातो, आणि कागद नाही म्हणून सोय मिळत नाही, म्हणून आणखी लपवावं लागतं. महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला, याचा मला अभिमान आहे. प्रौढांच्या तपासणीचा हा प्रश्न त्यांच्यापुढेही मांडायचा आहे, पण ते वेगळं पत्र होईल. आपल्याला मात्र त्यासाठी थांबायचं कारण नाही. कागद नसलेल्या माणसाला सोय देऊ नका असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

माझी पहिली नोकरी सदाशिव पेठेतल्या एका जुन्या हिशेबनिसांकडे होती. त्यांना कमी ऐकू यायचं. कानाला यंत्र लावणं त्यांना आवडायचं नाही, म्हणून सगळा कारभार चिठ्ठ्यांवर चाले. पाठकोऱ्या कागदांचे तुकडे टाचणीला टोचलेले असत. ‘जोशींचं खातं, मार्चची तीन बिलं सापडत नाहीत, गुरुवारपर्यंत’ अशी चिठ्ठी टेबलावर यायची, खाली मी उत्तर लिहून परत द्यायची. कुणाला माझ्या चेहऱ्यावर काय आहे ते पाहायचं नव्हतं. जेवताना सर पेपर वाचायचे आणि मीही वाचायची. त्या ऑफिसात मी कधी आजारी पडले नाही, माझ्या हातून फार काम झालं, आणि संध्याकाळी घरी जाऊन आईशी गप्पा मारायला माझ्याकडे शब्द उरत. ही सोय माझ्यासाठी केलेली नव्हती. माझ्याबद्दल कुणालाच, मलाही, काही माहीत नव्हतं.

मी आपल्याकडे तेच मागते आहे. सोयी आधी द्या, सगळ्यांना, कारण न विचारता. मुलाखतीचे प्रश्न प्रत्येक उमेदवाराला आदल्या दिवशी लेखी पाठवा. पाठांतर करून येतील अशी भीती असेल तर त्यांना प्रत्यक्ष कामाचा एक नमुना करायला द्या. हिशेबनीस हवा असेल तर चुका असलेली खतावणी समोर ठेवा आणि त्याला एकट्याला बसू द्या. ज्या पदाला लोकांशी बोलायचं काम नाही त्याच्या जाहिरातीतून संवादकौशल्याची अट काढा. बैठकीचे विषय आधी कळू देत आणि तोंडी सांगितलेलं काम नंतर दोन ओळींत लिहून येऊ दे. कानात आवाज बंद करणारे इअरफोन घालून बसणाऱ्याला ‘कुठली गाणी ऐकतोस’ असं कुणी टोकू नये. व्हिडिओ बैठकीत कॅमेरा ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडा. सहभोजन, सहल, पारंपरिक वेशभूषा दिन जरूर करा, पण न येणाऱ्याची नोंद कुठे होऊ देऊ नका. आणि मूल्यमापनाच्या फॉर्ममधून ‘मिसळतो का’ हा प्रश्न काढून टाका. सहकार्य मोजायचं असेल तर त्यानं मागितलेली माहिती वेळेवर दिली का, ते विचारा.

सगळ्यांना दिलं तर लोक गैरफायदा घेतील, असं आक्षेप घेणारे नेहमी म्हणतात. लेखी सूचनेचा गैरफायदा कसा घेतात ते मला समजलेलं नाही. उलट तिचा उपयोग नुकत्याच बाळंतपणाहून परतलेल्या, रात्रीची झोप नसलेल्या सहकारिणीला होतो, मराठी माध्यमातून आलेल्या आणि भराभर बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीनं दबणाऱ्या मुलाला होतो.

काही मोठ्या कंपन्यांनी ऑटिस्टिक लोकांसाठी खास भरती सुरू केली आहे; सॅप या जर्मन कंपनीनं २०१३ मध्ये असा कार्यक्रम जाहीर केला तो बराच गाजला. त्यांनी मुलाखतीऐवजी काम करून पाहायची पद्धत आणली, हे मोलाचं आहे. फक्त त्या बातम्यांतून ‘ऑटिस्टिक म्हणजे संगणकातला अद्भुत मेंदू’ अशी जी कल्पना पसरली, तिच्यापासून सावध राहा. आमच्यात साधारण काम करणारेही पुष्कळ आहेत. त्यांनाही दिवसाच्या शेवटी बोलण्याइतकी ताकद उरायला हवी, त्यासाठी त्यांनी चमत्कार करून दाखवण्याची गरज नसावी.

हे सगळं झाल्यावर आपल्या पोर्टलवरचा तो प्रश्न पुन्हा विचारा. तोपर्यंत कृपया एप्रिलच्या ईमेलमधून ती लिंक काढून ठेवा, आणि त्या जागी कंपनीचं समान संधी धोरण जोडा. त्यात सोय मागण्यासाठी कुणाला भेटायचं आणि त्याला प्रमाणपत्र लागेल का, हे मराठीत दोन ओळींत लिहिलेलं असावं.

या पत्रावर आपल्याला काही बोलायचं असल्यास संपादकांकडे माझा पत्ता आहे. कृपया फोन करू नका, लिहा. प्रश्न आधी कळवलेत तर मी भेटायलाही येईन.

आपली,
हिशेबतपासणी विभागातील एक कर्मचारी
पुणे